हरभऱ्याएवढं

नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वाटाण्याएवढं घ्यायचं,
बोटाच्या पेरावर, अख्ख्या चेहऱ्याला एवढंच.
वसमतला परत येताना बसमध्ये मी विचार करत होते,
वाटाणा ओला की वाळलेला?
आई म्हणाली, हरभऱ्याएवढं घे. त्यात काय एवढं.

त्यांनी आधी एक प्रश्न विचारला होता,
दिवस गेलेत का, किंवा तसा काही विचार?
खाली बघून, चिठ्ठी लिहिता लिहिता.
सदतिसाव्या वर्षी मला असं कुणी विचारत नाही.
नाही, म्हणाले.
शेजारी बसलेली आई पंख्याकडे बघायला लागली.

मग सांगितलं: रात्रीच. तोंड धुऊन, वीस मिनिटं थांबून, कोरड्यावर.
डोळ्यांच्या कडा सोडून, नाकपुड्यांचे कोपरे सोडून.
दिवसा उन्हाचं मलम.
आणि आधी बिघडेल, मग सुधारेल.
हे त्या दोनदा म्हणाल्या.

आमच्या गावात हळद लाव म्हणायला डॉक्टर लागत नाही.
मोंढ्यात पोती उतरतात तेव्हा
स्टुडिओच्या काउंटरवर बोट फिरवलं तरी पिवळं.
पंधराव्या वर्षापासून लावली, दुधातून, बेसनातून, सायीतून.
पुटकुळ्या पिवळ्या झाल्या. गेल्या नाहीत.
आता डोळ्यांपाशी रेघाही आल्यात.
एक भाडेकरू निघाला नाही तोच
दुसरा सामान घेऊन दारात.

माझं काम सांगायचं राहिलं.
रचना फोटो स्टुडिओ, मधली खोली, जुना कॉम्प्युटर.
स्थळासाठी फोटो काढायला मुली येतात,
त्यांच्या गालावरचा फोड मी एका टिचकीत उचलते,
शेजारची बरी कातडी तिथं ठेवते.
एक चेहरा, चार मिनिटं, तीस रुपये.
मला स्वतःला बारा आठवडे सांगितलेत.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटी पेटली.
भाजलेल्या शेंगदाण्याचं फोलपट सुटावं
तशी कातडी, फुंकर मारली तर उडेल.
मोंढ्यातल्या बाया थांबवून विचारायल्या,
काय करून घेतलंस गं तोंडाचं?
प्रमिलाकाकूंनी मेडिकलमधून गोरं करायची क्रीम आणून दिली,
आठ दिवसांत गुळगुळीत, आमच्या सुनेला झालं की.
सुनेचं तोंड मी उन्हातही पाहिलंय, फोटोतही.
फोटोतलं मीच दुरुस्त केलं होतं.

नवव्या आठवड्यात कुरुंद्याहून एक माणूस आला,
आईचा फोटो मोठा करायला. तेराव्याला भिंतीवर हवा.
कुठल्याशा कार्डावरचा, कपाळावर अर्धा शिक्का.
शिक्का काढला. डाग काढले. हात थांबला नाही,
गाल, कपाळ, हनुवटीखालचं लोंबतं,
सवयीनं सगळं सपाट.
त्यानं फ्रेम बराच वेळ धरून ठेवली.
म्हणाला, छान केलंय ताई, पण
ही आमची मावशी वाटायलीय.
मायच्या कपाळाला तीन आठ्या होत्या.
मधली तुटकी.

मूळ फाइल ठेवली होती म्हणून बरं.
एकेक आठी परत आणली.
तुटकी शोधायला वेळ गेला,
ती शिक्क्याच्या शाईखाली होती.

त्या रात्री वीस मिनिटांच्या जागी
चाळीस मिनिटं थांबले आरशासमोर.
मोजल्या. दोन, आणि तिसरीची सुरुवात.
माझ्या कुणाला मोजून ठाऊक असतील, असा विचार आला.
त्याला बसा म्हटलं नाही.

ट्यूब खालून गुंडाळत आणली,
पेरावर हरभऱ्याएवढं.
लावून झालं तशी आई अंथरुणातून म्हणाली,
उरलं असलं तर मला बी लाव थोडं.
तुला काय करायचंय?
काही नाही. बघायचंय.

उरत नसतं, आई.
तरी तिच्या कपाळावरून
रिकामं बोट फिरवलं, सावकाश,
कुठली कुठं तुटते ते बघत.