गायमुखचा चढ

पंचवीस वर्षं मी हा चढ चढलो
आणि मला तो ठाऊकच नव्हता.

बसमध्ये चढ इंजिनाचा असतो.
दुसरा गिअर, थोडा काळा धूर,
मागच्या सीटवरून कुणीतरी पुटपुटतं, ‘आज पोचतोय वाटतं’,
आणि आपला डावा पाय क्लचजवळ नुसता थांबून असतो.

सायकल लेकीची, ऋजुताची.
नोकरीसाठी म्हैसूरला जाताना गॅलरीत ठेवून गेली,
वाळत घातलेल्या चादरींच्या मागे.
फोनवर म्हणाली, बाबा, निदान हवा तरी भरत जा.
भरली. मग भरलेल्या हवेकडे बघत किती दिवस बसायचं?
सीट दोन बोटं वर घेतली,
बाकी सगळं अजून तिच्याच मापाचं आहे.

पहाटे पावणेपाचला बाळकुमहून निघतो.
निघताना घंटी दोनदा वाजवतो,
धोत्रे कंडक्टर वाजवायचा तशी. जात नाहीत सवयी.
मेट्रोच्या खांबांखाली कुत्री मुटकुळं करून पडलेली,
मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली,
स्टॉप तोंडात आपोआप येतात
आणि कुणी उतरत नाही.

मग इमारती संपतात.
एकदम संपत नाहीत; आधी पाट्या संपतात, मग दिवे.
डाव्या हाताला डोंगर इतका जवळ येतो
की त्याचा गारवा कोपराला लागतो.
उजवीकडे, दुभाजकापलीकडे, खाडी.
दिसत नाही अजून. वास येतो,
चिखलाचा, तिवरांचा, ओहोटीला उघड्या पडलेल्या कशाचातरी.
पंचवीस वर्षांत मला इथे फक्त डिझेलचा वास आला होता.

आणि इथून तो सुरू होतो.
पहिल्या वळणापर्यंत मांडीला फसवता येतं.
दुसऱ्यावर नाही.
तिथे रस्ता थोडा बाहेर कलतो,
हे मला स्टिअरिंगने कधी सांगितलं नाही
आणि गुडघ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.
कुसुंबाला तांबडी पालवी आलीय,
झाड पेटल्यासारखं वगैरे म्हणायला दम उरत नाही.
दिसतं, एवढंच.

ह्याच जागी एक पाववाला असायचा.
कॅरिअरवर पत्र्याची निळी पेटी,
तिच्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर सुतळी.
तो उभा राहून पॅडल मारायचा, डोकं खाली.
मी मागून हॉर्न द्यायचो. लांब.
वेळेत पोचायचं होतं, खोटं नाही सांगत,
पण थोडी मजाही वाटायची.
तो उतरायचा, गटाराच्या कडेला सायकल धरून उभा राहायचा.
आरशात एक निळा ठिपका.
मग वळण.

आज त्या गटाराच्या कडेला मी उभा होतो.
मागून बस आली होती, आमच्याच डेपोची.
ड्रायव्हर पोरगा होता, त्याने वर बघितलंसुद्धा नाही.
गरम वारा अंगावरून गेला
आणि सायकल हातात थरथरली,
म्हणजे मीच थरथरलो असणार.

उतारावर दोन्ही ब्रेक धरून काजूपाड्याला आलो.
टपरीवाल्या मावशींना विचारलं,
इथे एक पाववाला यायचा, निळी पेटी…
‘इद्रिस?’ त्यांनी गाळणी आपटली.
‘त्यानं छोटा हत्ती घेतला की! पाच वर्षं झाली.
आता काय, साहेब झालाय. थांबत पण नाही.’

मी हसलो. चहा सांडला थोडा.
एवढी वर्षं मनात कुठेतरी तो चढतच होता,
आणि तो तर कधीच गाडीत बसून गेला.

तेव्हापासून गायमुखला मागून छोटा हत्ती आला
की मी आपणहून उतरतो, कडेला होतो.
परवा एकाने काच खाली घेऊन हात केला, जा, जा, पुढे.
तो असेलही. नसेलही.
ठाण्या-घोडबंदरात छोटे हत्ती काय कमी आहेत?

येताना खाडी डाव्या हाताला येते.
उजाडलेलं असतं.
रेतीचा एक पडाव पाण्यात खोल बसलेला,
इतका सावकाश चाललेला
की मी पॅडल थांबवतो
आणि तरी त्याच्या पुढे निघून जातो.