वगळलेला तुकडा

ह्रोन नदीकाठी आमचं गाव, गावात एकच थिएटर:
एकशे दहा खुर्च्या, त्यातल्या सात मोडक्या.
यंत्र मी चालवतो. रीळ बदलायची खूण
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात डोळा मिचकावते.
तुम्हाला ती दिसत नाही. मला तीच दिसते.

दरवर्षी ऑगस्टअखेर, उठावाच्या दिवशी,
तोच सिनेमा लागतो. शाळेला फुकट,
म्हाताऱ्यांना पहिली रांग.
तिसऱ्या रिळात आई येते.

बासष्टच्या थंडीत ब्रातिस्लाव्हाहून ट्रक भरून माणसं आली,
साबणाच्या चुऱ्याचा बर्फ घेऊन,
कारण आमचा खरा बर्फ कॅमेऱ्याला मळका दिसायचा.
दिग्दर्शक व्हेंदेलीन माचाय
पावाच्या रांगेत आईला बघून थबकला.
म्हणाला, या चेहऱ्यावर खोटं टिकायचं नाही.
आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

प्रसंग साधा. रात्र. दारावर तीन थापा.
जखमी पोरगा. बाई दार उघडते.
एवढंच, संवाद नाही.
देशाचं इमान म्हणे त्या एका कडीवर टांगलेलं होतं.

आता सांगायला हरकत नाही.
आई गेली, विचारणारेही गेले.
चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात
आमच्या दारावरही थापा पडल्या होत्या, तीनच.
मी सहा वर्षांचा. आदल्याच दिवशी मागच्या गल्लीत
हुदेकांचं घर माणसांसकट जाळलं होतं,
त्याची राख आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसली होती.
आईने माझ्या तोंडावर हात दाबला,
कांद्याचा वास असलेला,
आणि दिव्यावर फुंकर घातली.
बाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, मावशी.
मग बर्फात पावलं. मग पावलंही नाहीत.
सकाळी तिने उंबऱ्यापुढचा बर्फ खरवडला,
गुलाबी होता तेवढाच.

पहिल्या टेकला, गावात अजून सांगतात, योलाना चुकली.
थापा पडल्या, कॅमेरा फिरू लागला,
ती उठली, टेबलाशी गेली
आणि तिने दिवा विझवला.
बाई, दार! माचाय ओरडला. दार!
मग तिने अकरा वेळा दार उघडलं.
अकरा वेळा तो पोरगा, झिलिनाचा नट, सर्दीने बेजार,
तिच्या अंगावर कोसळला.
अकराव्या खेपेला तिला रडू फुटलं.
तेवढं ठेवलं त्यांनी.

पुढे शाळेतली पोरं तिला फुलं द्यायची.
बाई वर्गात सांगायच्या, धैर्य असं दिसतं.
कसाई तिच्या मटणात हाडं कमी घालू लागला.
ते मटण आई शिजवायची
आणि माझ्याच ताटात वाढायची, सगळं.
एकदा मी म्हणालो, टाक ना सांगून.
ती ताट विसळत राहिली.
कुणाला, म्हणाली,
ज्याला सांगायचं तो थांबला का?

तो पहिला टेक माझ्याकडे आहे.
संकलकाच्या टोपलीतून सोडवला,
दोन बाटल्या बोरोविच्का मोजून.
चार सेकंद, शहाण्णव चौकटी, पिठाच्या डब्यात.
यंत्रावर कधी चढवला नाही.
कधीमधी खिडकीशी धरतो:
बाई, दिवा, वाकलेली बाई, काळं,
काळं, काळं. काळ्याच चौकटी जास्त.

पडद्यावर दार उघडतं
तेव्हा अख्खं थिएटर श्वास सोडतं.
माझ्या कोंदट खोलीत मीही सोडतो,
दरवर्षी, खोटं कशाला बोलू.
आणि मग ती खोली पुन्हा नीट बघून घेतो:
एक टेबल, एक चूल, भिंतीवर क्रूस,
आणि खाट एकच.
सिनेमातल्या त्या बाईला
मूल दिलेलंच नाही.