चांगला आकडा

अकरा वर्षं झाली, हिल्का टान्स्कानेनचा चेहरा
मी कधी धड पाहिलेला नाही.
माझी ओळख तिच्या डाव्या कोपराच्या खळगीतल्या शिरेशी:
बारीक, भित्री, सुई दिसली की कुशीवर वळणारी.
योएन्सूच्या इस्पितळाचा तळमजला, सकाळचे सव्वासात,
बाहेर उणे बावीस.
ती कोटाची बटणं काढत असते
आणि मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं सोंग करते.
मदत एकदाच केली होती. तेव्हा तिने हात मागे घेतला,
तापल्या तव्यावरून घ्यावा तसा.

बोटं माग चालवणारी.
जुने शर्ट फाडून चिंध्यांच्या सतरंज्या विणायची.
वेइक्कोचे सगळे शर्ट विणून झाले
तोवर बोटंही संपत आली होती.
वेइक्को म्हणजे भाऊ. एक्कावन्नाव्या वर्षी
लाकडं फोडता फोडता ओंडक्यावर टेकला,
तो टेकलाच. कुऱ्हाड मुठीतून सोडवावी लागली म्हणे.
घरातलं लोणी तेच, ताटं तीच, आईबाप तेच.
म्हणून तिचा पहिला अहवाल आला तेव्हा
तिने तो घडी घालून पाकिटात ठेवला,
फोटो ठेवतात त्या कप्प्यात.
कोलेस्टेरॉल, तीन पॉइंट सहा.
सॉनाच्या वाफेत शेजारणींनी तोंड भरून कौतुक केलं:
सांधे गेले तर गेले, काळीज तर शाबूत आहे.

मला त्याच कागदावरचा खालचा आकडा दिसत होता.
दाहाचा. चौऱ्याऐंशी.
पण रक्त काढणारीने बोलायचं नसतं.
कापूस दाबून धरा,
एवढंच म्हणायचं असतं.

तिच्या अंगात कुंपणच शेत खात होतं.
राखणीला ठेवलेल्या पेशी रात्र रात्र मनगटं चघळत होत्या
आणि त्या जाळात चरबीही जात होती,
म्हणून कागदावर कमी दिसत होती.
ज्या घरात चूल दिवसरात्र भडकलेली
तिथला लाकडांचा ढीग लहानच दिसणार,
म्हणून कुणी म्हणतं का, घर काटकसरीचं आहे?
आणि धूर?
तो धमन्यांच्या भिंतींवर बसत होता, थरावर थर.

मग नवं इंजेक्शन आलं, दर पंधरवड्याला एक.
मेच्या सुरुवातीला, पिहासेल्कावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात,
ती आली ती बटणं उघडी टाकूनच.
मला सोंग करायला वेळच मिळाला नाही.
दाह: चार.
मी नळी उलटीसुलटी केली, मनातल्या मनात टाळी वाजवली.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात.
हातात कागद, आवाज चढलेला:
"नळ्या बदलल्यास तू. माझं कुणाला तरी दिलंस,
कुणा लोणीखाऊचं मला."
सहा पॉइंट दोन.
तेव्हा पहिल्यांदा मी तिच्याकडे पाहिलं.
हनुवटीवर लहानपणीचा व्रण होता.
डोळे, ज्यांनी शवपेटीत भाऊ पाहिला होता.
"इतकी वर्षं दुखत होतं तेव्हा चांगली होते,
आता बरी झाले तर ही शिक्षा?"

वर डॉक्टर मुस्तोनेननी सगळं समजावलं होतं,
तिने ते ऐकलंही होतं. ऐकणं वेगळं.
मी तिला बसवलं. नियम मोडला.
म्हटलं, नळी तुमचीच होती.
म्हटलं, धोका तेव्हाच जास्त होता हो,
आकडा गोड होता एवढंच.
आता आग निवली आहे, तर ढीग खरा दिसतोय,
त्याचं बघता येईल, गोळी आहे त्याला.
ती काही बोलली नाही.

पाकिटातून तिने तो जुना कागद काढला,
घड्यांवर झिजून कापडासारखा झालेला,
आणि फाडला.
चुरगळला नाही; उभ्या, सरळ, सारख्या पट्ट्यांमध्ये,
सतरंजीसाठी शर्ट फाडतात तसा,
अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत.
मी पट्ट्या मोजल्या. नऊ.

टोपली पुढे केली तर म्हणाली, राहू दे,
आणि त्या कोटाच्या खिशात घालून
औषधाच्या दुकानाकडे वळली.