पालेर्मोत आठ तास

जहाज नऊला लागलं. पाचला परत,
असं गळ्यातल्या कार्डावर.
गाईडबाईच्या पिवळ्या छत्रीमागे आम्ही चव्वेचाळीस,
त्यातले चार नाशिकरोडचे, यांच्या नोट प्रेसमधले.
ती म्हणाली, हे अरबांचं, ते नॉर्मनांचं,
आता वर पाहा, सोनं.
सगळ्यांनी वर पाहिलं.

मला डावीकडच्या बोळातून ऐकू येत होतं
ठक् ठक्, ठक.
दोन जवळ, एक लांब.
नाशकात, तांबट लेनमध्ये, मी ह्याच ठोक्यांवर झोपायचे.
थांबले की जाग यायची.

छत्री पुढे गेली.

म्हातारा मांडीवर पातेलं फिरवत होता,
आप्पांसारखीच जीभ दातात धरून.
मी काठाशी बोट ठेवलं:
इथे एक ठोका हुकलाय.
त्याने चष्मा वर केला, पाहिलं,
आणि हातोडी माझ्याकडे दिली.

टॅक्सीचे बावीस युरो हे अजून मोजतात.
"सोन्याचं चर्च सोडून भांडी बघत बसली!"
भिशीत सगळ्या हसतात. मीही.

लेनमध्ये आता मोबाईलची कव्हरं लटकतात.
आप्पांची हातोडी सुनेने शोकेसमध्ये मांडलीय,
जहाजाच्या फोटोशेजारी, शोभेला.
काल दुपारी कुणी नसताना काढली.
दांडा खुळखुळत होता.

मोरीत, बादलीत, भिजत घातलीय.
लाकूड फुगायला एक रात्र लागते,
आप्पा म्हणायचे.