आठवा पाय

'मकडी चाहिए,' बलसारा म्हणाला, 'बहोत बडी.'
वाळपईच्या पोरांनी तिसऱ्या दिवशी
काजूच्या बागेतून माकडी धरून आणली,
गळ्यात सुंभ, पोटाला पिल्लू.
बलसारा डोकं धरून जीपच्या बॉनेटवर बसला.
मग कुणीतरी म्हणालं, झिलू गावसाला बोलवा,
तो नरकासुर करतो.

झिलू गावस म्हणजे माझा पाय.
आमच्याकडे बापाला पाय म्हणतात.
पुढचं समजायला एवढं ठाऊक असलेलं बरं.

बोली ठरली: पायाला शंभर, धड फुकट.
मोडक्या छत्र्यांच्या काड्या,
सायकलच्या ब्रेकची तार, काथ्या, डांबर,
डोळ्यांना सोडाबाटलीतल्या गोट्या.
पोट गोणपाटाचं,
अन्न महामंडळाचं नाव आतल्या बाजूला वळवून शिवलेलं.
सात पाय झाले आणि बलसाराचे पैसे संपले.
'सातच ठेव. कोण मोजतो?'

'मी मोजतो,' पाय म्हणाला.
नरकासुरालासुद्धा त्यानं कधी
एक बोट कमी दिलं नव्हतं,
पहाटे जाळायचाच असला तरी.
उजवा हात खांद्यापर्यंत काळ्या काथ्यात गुंडाळून घेतला
आणि त्या पोटाखाली आडवा झाला.

अकरा रात्री, म्हादईच्या काठी.
मी नऊ वर्षांचा; ओली पानं जाळून धूर करायचं काम माझं.
गोष्ट सांगण्यासारखी नाही.
एक शास्त्रज्ञ, एक बाटली, बाटलीत हिरवं काहीतरी,
मग जंगलात एकेक जण मरतो.
मरणारे सहा होते, शर्ट चार,
म्हणून मेलेल्याचा शर्ट धुऊन
जनरेटरवर वाळवून पुढच्याला घालत.
रक्त भिंडाच्या सरबताचं. मुंग्या यायच्या.

नवव्या रात्री हिरोइनची पाळी.
अल्पना, इंदूरची.
दुपारी तिच्या नावे तार आली होती,
मॅनेजरनं ती संध्याकाळपर्यंत खिशात ठेवली,
शॉटच्या आधी दिली.
ती किंचाळायची होती.
किंचाळली नाही. पाचोळ्यात खाली बसली
आणि आवाज न करता रडत राहिली.
रीळ महाग. बलसारा 'कट' म्हणेना.
कॅमेऱ्याची घरघर, आणि नदी.

सात पाय छत्र्यांसारखे ताठ उभे.
आठवा हळूच पुढं आला.
तिच्या डोक्यावर टेकला.
थोपटलं त्यानं. एकदा. पुन्हा एकदा.
मग आपण कोण आहोत ते आठवून
गळ्याकडे वळला.

हे सगळं सिनेमात तसंच राहिलं.
वाळपईच्या व्हिडिओवर दोन रुपये तिकीट,
त्या जागी लोक खदखदून हसले,
एकानं शीळ घातली.
पायही हसला, कोपर खाजवत.
डांबर काही पुढच्या चवथीपर्यंत निघालं नाही.

कॅसेटला बुरशी आली. ती पणजीला नेली,
मडगावला नेली. दुकानदार नाकाशी धरून परत देतो.
पाय जाऊन बारा वर्षं झाली.
रेशनकार्डावरच्या फोटोत त्याला हात नाहीत,
खांद्यापाशी कापलाय.

नरकासुर आता मी करतो.
पोरांना डोळ्यांत लाल दिवे हवेत, मान फिरायला मोटर हवी.
देतो.
बोटं तेवढी मी स्वतः वळतो, रात्री, दिवा बारीक करून.

पाऊस सरला की कुळागरात
तळहाताएवढे कोळी होतात, काळे-पिवळे,
पर्यटकांच्या बायका किंचाळतात ते.
परवा एक सात पायांचा दिसला.
मी दोनदा मोजले.
जाळं या माडीपासून त्या माडीपर्यंत,
कुठं उसवलेलं नाही.
खांद्यावरचं फावडं उतरवलं
आणि वाकून खालून गेलो.