फुगे

आज तिसरी रात्र. पक्षाचं अधिवेशन चालूच आहे,
मी मटार सोलतेय.
टीव्हीचा आवाज बंद ठेवलाय;
ओठ हलले की भाषण कळतं मला आता.

पूर्वी पडदा काळापांढरा होता आणि पुढारी घामेजलेले,
सिगारेटच्या धुरात एकमेकांवर खेकसायचे,
रात्री दोनला कळायचं उमेदवार कोण.
अर्वो सकाळी तांब्याच्या खाणीवर जायचा तो जांभया देत,
पण भांडण बघितल्याचं समाधान तोंडावर.
आता सगळं आधीच ठरलेलं.
लग्न लागून गेल्यावर
मुलगी बघायला जमावं
तसे पाच हजार पाहुणे,
आणि पसंत पडली म्हणून रडतातसुद्धा.

राज्यांची हजेरी सुरू झाली तसा आवाज थोडा वाढवला.
प्रत्येक राज्य आधी आपल्या घरची फुशारकी सांगतं,
सफरचंदं, सरोवरं, कुणाचा कोण जगज्जेता,
आणि मग मतं, सुटे पैसे परत द्यावेत तशी.
मिशिगनचा माईक निघाला
डोक्यावर चेरीची टोपली घेतलेल्या एका गृहस्थाच्या हातात.
मोटारी म्हणाला, चेरी म्हणाला.
आमच्या वरच्या द्वीपकल्पाचं नाव नाही.
नाही तरी नकाशे काढणारे आम्हाला
पुष्कळदा शेजारच्या राज्यात रंगवून टाकतात.

क्लेरेन्स ट्रुडेल अर्वोच्या खुर्चीत बसलाय.
तो त्या दुसऱ्या पक्षाचा.
त्यांचं अधिवेशन पुढच्या महिन्यात, त्याच्या घरी;
तेव्हा मांस-बटाट्याच्या करंज्या तो भाजणार.
अडतीस वर्षं आम्ही एकमेकांचं मत खोडून काढतोय.
एका नोव्हेंबरात बर्फ इतका पडला
की फोनवर ठरवलं, दोघंही घरीच राहू,
हिशेब तोच.
साडेचारला अग्निशमन केंद्राच्या दारात
मी बूट झटकत होते
आणि हा टोपी डोळ्यांवर ओढून बाहेर पडत होता.
दोघांनीही हवेबद्दल बोलून घेतलं.

आता सिनेटर सांगतायत, त्यांना एक आजी भेटली.
दर चार वर्षांनी ही आजी कुणाला तरी भेटते.
दोन्ही पक्षांना भेटते.
निळा स्वेटर घालते, हात हातात घेते,
एवढंच म्हणते, "आमच्यासाठी लढ, बाळा."
तिच्या डोळ्यांत पाणी, त्यांच्या डोळ्यांत पाणी,
कॅमेऱ्याचं तर विचारूच नका.
क्लेरेन्स म्हणाला, "हेल्मी, तू होतीस का गं ती?"
मी म्हटलं, मी असते तर आधी पुलाचं विचारलं असतं.
चार वेळा कोनशिला बसली त्याची,
नदी अजून मोकळी वाहतेय.

रक्तदाबाची गोळी मी सुरीनं अर्धी करते
ते मात्र सांगितलं नसतं.
सगळंच काय सांगायचं.

शेवटी फुगे.
फुगे येईपर्यंत मी जागी राहते, खोटं कशाला बोलू.
छताला जाळं, जाळ्यात हजारो,
दोरी ओढली आणि अर्धेच सुटले.
बाकीचे वरच, गर्दीकडे बघत.
खाली मुख्य माणूस हात हलवतोय,
बायको हात हलवतेय,
नातू कानांवर हात दाबून उभा.
त्या सबंध मंडपात तो एकटाच माझ्या मताचा.

क्लेरेन्स घोरतोय, मांडीवर मटारांच्या साली.

सत्तावीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली,
म्हणून नजर जाते ती कडेला.
खांबाला टेकून एक बाई,
हातात रुंद झाडू,
पायाशी आलेला लाल फुगा
चपलेनं हळूच मागे ढकलतेय.
तिनं एकदा वर बघितलं, अडकलेल्या अर्ध्यांकडे,
आणि तिचे ओठ हलले.
काय म्हणाली ते मला स्पष्ट कळलं.
इथं लिहिण्यासारखं नाही.