जादा किलोमीटर

काचेला रबरी चकत्यांनी दोन्ही चिकटवलीत.
डावीकडे जुनं, भावानं बर्गनहून आणलेलं,
खोक्यावर अजून ठळक छापलेलं:
नकाशे आयुष्यभर मोफत.
कोणाच्या आयुष्यभर, ते बारीक अक्षरात.
फोन करून विचारलं, तर म्हणाले, यंत्राच्या.
आणि यंत्राचं आयुष्य किती?
ते, बाई, आम्ही ठरवतो.

उजवीकडे नगरपालिकेनं दिलेलं नवं.
हे रात्री झोपेत नकाशे पितं
आणि सकाळी त्याला एखादा गोल चौक ठाऊक असतो
जो मीही अजून पाहिलेला नसतो.

आम्हा घरोघर जाणाऱ्या नर्सेसना कागद दिलाय भरायला.
कोण किती वेळा चुकलं,
वळण गेल्यावर कोण बोललं,
थंडीत पडदा किती वेळानं जागा झाला.
भरते. उणे अकरात जुनं चार मिनिटं घेतं.
नवं, खोटं कशाला बोलू, लगेच.

शेजारच्या सीटवर टोरगाइर.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मांडीवर टोपी,
वय विचारलं की जन्मसाल सांगतो, वजाबाकी तू कर म्हणतो.
हेस्तॉयच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं दोर फेकले त्यानं.
आता बोट नाही.
आता समुद्राच्या तळाखालून बोगदा आहे,
सात किलोमीटर, पिवळ्या दिव्यांचा.

'सरळ जा, बोगद्यात शिरा,' नवं म्हणालं.
'डावीकडे वळा, मग बोटीत चढा,'
जुनं म्हणालं, त्याच ठिकाणी, जवळजवळ त्याच आवाजात.
टोरगाइरनं जुन्याकडे कान वळवला.
'ही बाई माहीतगार आहे.
पण चालव जोरात, यूरुन. साडेनऊची कोणासाठी थांबत नाही.'

थट्टा होती की विसर,
कळलं नाही.
कागदावर त्याला रकाना नाही.

मी सरळ गेले.
उतार लागला, कानांत दडे बसले.
वर आकाश नाही म्हणून नवं यंत्र
अंदाजानं बाण पुढे ढकलत राहिलं,
न अडखळता,
वर्गात उत्तर येत नसलेला हुशार मुलगा बोलतो तसं.
जुन्याच्या पडद्यावर मात्र चहूकडे निळं,
आणि निळ्याच्या मधोमध आमची गाडी.
'शक्य होईल तिथे मागे वळा.'
'शक्य होईल तिथे मागे वळा.'

'खोली किती दाखवतायत?' टोरगाइरनं विचारलं.
कुठलंच दाखवत नाही, मी म्हटलं.
'मग कसले नकाशे?' तो हसला.
'इथं डोक्यावर एकशे चाळीस मीटर पाणी आहे.
पोरवयात ओळंबा सोडून मोजलंय मी. शिसं वर आलं
तेव्हा त्याला काळा चिखल होता, शिंपल्यांचा चुरा होता.'
आणि टोपी घातली,
जणू छतातून थेंब पडणार होता.

इस्पितळाशी नव्यानं विजयानं सांगितलं,
'आपण पोहोचलात.'
समोर पत्र्याचं फाटक, चादरींचा ट्रक.
टोरगाइरनं नाक वर केलं.
'साबण. ही मागची बाजू, पोरी.'
लिहिलं: नवं, चूक एक.
पेशंटचा रकाना असता, तर लिहिलं असतं: चूक शून्य.

परतताना त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती,
डावा अजून धुक्यातच.
बोगद्यातून वर आलो, घर उजवीकडे,
नवं तसंच म्हणत होतं.
जुनं अजून आपली गाडी शोधत होतं.

शेवटचा प्रश्न: ठरलेल्यापेक्षा जादा अंतर?
चार किलोमीटर.
कारण?
धक्क्यावर इंजिन बंद करून बसलो होतो.
तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकलेली,
दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर एक कुरव,
आणि एवढ्या वेळानं जुन्याला अखेर जमीन सापडली होती.
'बोटीची वाट पाहा,' ते म्हणालं.

टोरगाइरनं काच खाली केली,
पट्टीचा डोळा पाण्याकडे, दुसरा माझ्याकडे.
'उशीर झालाय तिला,' म्हणाला.